सीट नको म्हणणारा तरणा

"मले काऊन सीट देता? म्हातारा दिसून राह्यलो काय?"

पवनारहून सुटलेल्या बसमध्ये तो असा ओरडला, की धाम नदीवरचे बगळे थेट नागपूरला पोचले असावेत. कलप इतका काळा, की भरदुपारी बसमध्ये अंधार पडला. सीट देणारी पोरगी घाबरून उभीच राहिली.

"सिनेमातला तो हिरो माह्याच वयाचा आहे," दांडा धरून तो सगळ्यांना सांगू लागला, "अजून कॉलेजात जाते, पोरीईमागं नाचते!"

कंडक्टरपुढे मात्र त्यानं अर्ध्या तिकिटाचं ज्येष्ठांचं कार्ड गुपचूप धरलं.

सीट वर्ध्यापर्यंत रिकामीच आली. उतरल्यावर मला राहवेना.

"काका, खरं सांगा, काऊन नाई बसले?"

गुडघा चोळत तो म्हणाला, "बसलो की मंग उठता येत नाई."