पुडीचं पथ्य

माझं मन कशातच लागत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "नखरं हायती." तरी त्यांनीच मला बारामतीच्या बाजारात औषधाच्या पुड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याकडं नेलं. तो पुडीचा दोरा दातानं तोडायचा आणि पथ्य ओरडून सांगायचा.

"सकाळी तासभर उन्हात बसायचं, बांधापतोर चालायचं, मैतरणीसंगं बोलायचं. पथ्य मोडलं तर पुडी उलटंल!"

सासूबाई घाबरल्या. महिनाभर त्यांनीच मला हाताला धरून उन्हात बसवलं, शेजारणीला हाक मारली. मला भूक लागू लागली, हसूही येऊ लागलं.

महिन्यानं पुन्हा बाजारात गेलो. सासूबाई मिरच्या निवडत होत्या, तेवढ्यात मी म्हाताऱ्याला भीतभीत विचारलं, "आबा, ही नुसती बडीशेपच हाय न्हवं?"

"व्हय. पुडी सासूसाठी हाय, बाई. पुडीबिगर तुला उन्हात कोण बसू देतंय?"

मी दोन पुड्या घेतल्या. एक शेजारणीच्या सासूसाठी.