दोनशे आठव्या पानावरचं दार

माझ्या मावशीला पुस्तकं वाचायला आवडतात, पण ती सरळ वाचत नाही. फाटकं पुस्तक हातात आलं की ती ते उसवते, त्याचे सोळा-सोळा पानांचे फॉर्म सुटे करून टेबलावर मांडते आणि जो फॉर्म वर असेल तो वाचते. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांमधली भांडणं तिला तोंडपाठ आहेत, पण ती कशावरून पेटली आणि पुढे कुणाचं काय झालं, याचा तिला पत्ता नसतो. एकतीस वर्षं ती आमच्या वाचनालयाची बाइंडर आहे. मी तिथेच पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर बसते, तेव्हा हे काही ऐकीव नाही.

ती पहिल्यांदा आली ती एक शब्दकोश शिवायला. त्याची पाठ निघाली होती आणि छापखान्यात शिवणीचं काम शिकलेली एक मुलगी जवळच राहते, असं कुणीतरी सांगितलं होतं. कोश शिवून झाला आणि निघताना तिला मागच्या खोलीतला फाटक्या पुस्तकांचा ढीग दिसला. तिला राहवलं नाही. ती खोली आता तिचीच आहे. खिडकीखाली लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, मैद्याच्या खळीचं पातेलं, मेण लावलेला दोरा. आत येताना कुणी नाक मुरडलं की ती म्हणते, "वास खळीचा आहे, माझा नाही."

मतांचं पान ही तिचीच कल्पना. लोक रहस्यकथांच्या समासात 'खुनी माळी आहे' असलं काहीबाही लिहून ठेवायचे आणि मावशी खोडरबर घेऊन बसायची. एक दिवस ती वैतागली. तिने प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी कागद चिकटवला आणि वर लिहिलं, 'जे काय म्हणायचंय ते इथे म्हणा. खुनी सांगू नका.' लोक तिथे लिहायला लागले, आणि असे लागले की काही जण पुस्तक नेताना आधी शेवटचं पान उघडून बघायचे.

मधमाशीपालनाच्या पुस्तकावर सहा वर्षांत एकच मत आलं होतं. 'माहिती उपयुक्त. शेवटचं प्रकरण मधमाश्यांविषयी आहे असं वाटलं नाही.' ते वाचून आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो. मूर्ख होतो, दुसरं काय!

आणि एका पुस्तकावर मतांची सात पानं झाली होती. त्याला सगळे 'रिपोर्टरचं पुस्तक' म्हणायचे. छोट्या गावातली एक तरुण रिपोर्टर, गावातल्या मोठ्या माणसाचा खून, आणि कुणी काही बोलायला तयार नाही. रिपोर्टर घराघरात जाऊन प्रश्न विचारते, संपादक तिची बातमी दाबतो. शेवटी दोनशे आठव्या पानावर ती संध्याकाळी एका घरासमोर उभी राहते, बेल वाजवते आणि दार उघडतं. दार कुणी उघडलं, ते लेखिका सांगतच नाही. पुस्तक संपलं!

या दाराने आमच्या लोकांना वेड लावलं. पहिलं मत निवृत्त हेडमास्तरांचं होतं, लाल शाईत. 'शेवटाला दहापैकी साडेनऊ. वाचकाला अक्कल असते हे मानणारी लेखिका दिसते. समाप्त असंही लिहिलेलं नाही, हे विशेष.' त्याखाली शिंपीणबाईंनी लिहिलं होतं, 'दार डॉक्टरनेच उघडलं असणार.' त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, 'डॉक्टर डावखुरा आहे, पान ४७ नीट वाचा.' मग, 'स्कूटरची किल्ली पान ९० वर हरवते आणि ९१ वर सापडते. – गॅरेजवाला.' मग, 'ही मुलगी तीनदा गरम चहा टाकून पळते. अशा बाईवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.' आणि मला सगळ्यात आवडलेलं, 'मी आणि सासूबाई तीन दिवस या दारावर बोलतोय. त्याआधी आम्ही बोलत नव्हतो.'

आमच्या सेक्रेटरींनी एवढ्याच भांडवलावर प्रकाशकाला पत्र पाठवलं. पुस्तक एकशे चाळीस वेळा बाहेर गेलंय, लेखिकेला घेऊन या. हे सेक्रेटरी म्हणजे टापटिपीचं फार वेड असलेला माणूस. मावशीचं काम बंद करून पुस्तकं शहरातल्या मशीन बाइंडिंगकडे पाठवावीत, असा प्रस्ताव त्यांनी समितीपुढे ठेवलेलाच होता. सोमवारी त्यावर निर्णय व्हायचा होता आणि लेखिका शनिवारी येणार होती.

शनिवारी सकाळी लेखिकेने पुढे पाठवलेली भेटप्रत आली. मावशी ती प्रत जाड कव्हर घालायला घेऊन गेली. नवीन पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजायची, ही तिची सवय. थोड्या वेळाने तिने मला आत बोलावलं. ती उभी होती. कामाच्या वेळी मावशी उभी असणं म्हणजे काहीतरी बिघडलंय.

"दोनशे चोवीस," ती म्हणाली.

"काय दोनशे चोवीस?"

"पानं. आपल्या प्रतीत दोनशे आठ आहेत."

मी नवीन प्रत उघडली. दोनशे आठनंतर आणखी एक अख्खं प्रकरण होतं. एक फॉर्म, सोळा पानं. मावशी तोवर कपाटाकडे गेलीही होती. तिने मधमाश्यांचं पुस्तक काढलं, मागून उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मधमाश्यांची पेटी हिवाळ्यात कशी झाकावी हे सांगून झाल्यावर पुढच्याच पानावर पोलीस इन्स्पेक्टर खुर्चीत बसत होता.

दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच पिवळट कागदाची. ती दोन्ही नवीन आली तेव्हाच, पक्की शिवायला म्हणून, एकदमच उसवली गेली होती. पण एका वेळी टेबलावर एकच पुस्तक, हा मावशीचा नियम तर देवापेक्षा मोठा! मी बाइंडिंगला घेतल्याच्या शिक्क्याची तारीख बघितली. त्याच दिवशी माझी मुलगी जन्मली होती. मला अचानक कळा सुरू झाल्या, मावशी हातातलं तसंच टाकून दवाखान्यात धावली, आणि त्या गडबडीत कुणीतरी टेबल आवरून दोन्ही पुस्तकांचे फॉर्म एकावर एक ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी न झोपलेल्या डोळ्यांनी तिने ते शिवले. न मोजता.

"मावशी, गप्प बस," मी म्हणाले. "आज बोललीस तर सोमवारी तुझं टेबल गेलंच म्हणून समज. हा फॉर्म उद्या आपण गुपचूप जागच्या जागी शिवू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"निदान माझ्या बाळंतपणाचं तरी सांग. लोक समजून घेतील."

"ते कारण झालं. झाली ती चूक आहे." तिने मधमाश्यांचं पुस्तक बगलेत मारलं. "आणि तुझ्या पोरीला यात ओढायचं नाही. ती बिचारी वेळेवर आली होती."

मला तिचा इतका राग आला की मी चार वाजेपर्यंत तिच्याशी बोलले नाही. माझ्यासाठी धावली आणि त्यात अडकली, आणि मला साधं उपयोगीही पडू देईना!

कार्यक्रमाला वाचनालयाचा हॉल भरला होता, मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. लेखिका साध्या कपड्यांतली, पन्नाशीची, जरा भेदरलेली बाई होती. पुस्तक इतरत्र कुठेच चाललं नाही, परीक्षणांनी झोडपलं, चार वर्षांत आपण एक ओळ लिहिलेली नाही, हे तिने पहिल्याच दोन मिनिटांत सांगून टाकलं. "तुमच्या पत्रावर माझा विश्वासच बसला नाही," ती म्हणाली.

मग लोक बोलायला लागले. गॅरेजवाल्याने किल्लीचा जाब विचारला आणि लेखिका हसत शरण गेली. शिंपीणबाई डॉक्टरवर घसरल्या. हेडमास्तर उठून म्हणाले, "सगळ्यात थोर तो शेवट. दार उघडतं आणि तुम्ही थांबता. या धाडसाबद्दल मी तुम्हाला नमस्कार करतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेखिकेच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू उतरलं.

"थांबते?" तिने विचारलं. "पण पुढचं प्रकरण तुम्ही वाचलंत ना?"

सेक्रेटरी उगाचच माइक ठीक करायला लागले. तेवढ्यात मावशी उठली आणि दोन्ही पुस्तकं घेऊन चालत सरळ पुढे गेली.

"त्यांनी वाचलेलं नाही, कारण मी ते वाचायला ठेवलंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एरवी मागच्या खोलीबाहेर जात नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेला. "मी इथली बाइंडर. तुमचा शेवटचा फॉर्म माझ्या हातून मधमाश्यांच्या पुस्तकात शिवला गेला. आज सकाळी कळलं. सहा वर्षं लोकांनी तुमचं अर्धवट पुस्तक वाचलं. चूक माझी एकटीची आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी पुटपुटले, "हेच, हेच मी म्हणत होतो." लेखिकेचा चेहरा पडला होता आणि मला तिची फार दया आली. बिचारीचं कौतुक झालं होतं ते तिने न लिहिलेल्या शेवटाचं!

हेडमास्तरांनी काठी आपटली. "आता वाचून दाखवा. आमचा हक्क आहे."

लेखिकेने मधमाश्यांचं पुस्तक हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. दार डॉक्टरने उघडलं नव्हतं, आणि मग कुणी उघडलं ते मी सांगत नाही, मावशीचा नियम आहे. पण ज्याने उघडलं त्याने रिपोर्टरला घरात बसवून, खून कसा, का आणि कोणत्या दोरीने केला, हे सलग सांगायला घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणीतरी जांभई दिली. मग इन्स्पेक्टर आला, त्याने रिपोर्टरची वही काढून घेतली आणि म्हणाला, हे काम आता आमच्यावर सोडा. आणि ती हो म्हणाली. पुढच्या पानावर ती नोकरी सोडून त्याच्याशी लग्न ठरवत होती.

"अगं बाई, हिला झालं काय?" दुसऱ्या रांगेतून एक म्हातारी ओरडली. तिच्या शेजारच्या सुनेने तिला गप्प केलं नाही, उलट म्हणाली, "तेच ना! हिने तीनदा चहा टाकला तो काय यासाठी?"

कुणीतरी फिदकन हसलं आणि मग सगळा हॉल हसायला लागला. लेखिका वाचायची थांबली. तिने पान बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि पुस्तक मिटून ती स्वतःच हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"हे प्रकाशकाने लिहायला लावलं," ती म्हणाली. "वाचकांना सगळं समजावून सांगा, मुलीला नीट मार्गी लावा, नाहीतर पुस्तक विकलं जाणार नाही म्हणाले. मला वाटलं, त्यांना वाचक माहीत असतील." तिने पुस्तक मावशीच्या हातात दिलं. "बाई, हा फॉर्म मधमाश्यांतच राहू द्या."

टाळ्या अशा पडल्या की बाहेर रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मी तर बाकावर चढले होते, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मावशी मात्र पुस्तक छातीशी धरून उभी होती आणि तिला कळत नव्हतं की आता जागेवर जायचं की नाही.

पाच महिन्यांनी कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, दोनशे आठ पानांची. ती भराभर खपली. लेखिका नवी कादंबरी लिहायला बसली आणि तिचं पहिलं प्रकरण तिने मावशीला वाचायला पाठवलं. मावशीने ते अर्थातच मधूनच उघडलं. हे सगळं छान झालं. पण माझ्यासाठी खरी गोष्ट घडली ती त्याच सोमवारी.

समितीच्या बैठकीला एरवी पाच माणसं असतात. त्या दिवशी साठेक वाचक आले आणि खुर्च्या संपल्यावर फरशीवर बसले. सेक्रेटरींनी मशीन बाइंडिंगचा प्रस्ताव वाचला. हेडमास्तरांनी एकच विचारलं, "मशीनकडून चूक झाली तर ते उभं राहून सांगेल का?" प्रस्तावाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही. थोडा वेळ थांबून सेक्रेटरींनी स्वतःचा अर्धवट वर आलेला हातही खाली घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बाइंडरबाई कामावर राहतील. आणि त्या फॉर्मचा विषय मिटला, तो इतिवृत्तात नको. कशाला उगाच?"

"नाही साहेब, तो लिहा," मावशी मागून म्हणाली. "आधी चूक लिहा. मग पुढचं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"चूक न लिहिता ठेवलंत तर मला दयेने ठेवल्यासारखं होईल. मला ते नको. माझं काम बघून ठेवा."

सेक्रेटरींनी पेन उचललं, लिहिलं आणि घसा साफ करून वाचलं. "बाइंडरच्या हातून एक फॉर्म चुकला. तो तिने स्वतः शोधून सभेत सांगितला. बाइंडर कामावर कायम राहील."

माझी मावशी, जी कधी कुणाकडे काही मागत नाही, ती म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा साहेब. जरा मोठ्याने."

आणि त्यांनी वाचलं.