आमच्या व्याह्यांचं मटणाचं पाणी

आख्ख्या चंदीगडात मटणावर सगळ्यांत जास्त बोलणारा आणि मटणाचा एक तुकडाही कधी तोंडात न घातलेला माणूस एकच, आणि तो माझा व्याही आहे. सुनेचे वडील. मी चौथी शिकलेला, साताऱ्याकडचा, एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेला. ते शास्त्रज्ञ, मांसातल्या प्रथिनांवर इकडच्याच एका प्रयोगशाळेत केस पांढरे केलेले. घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद. उभी नोकरी मटण दळलं, उकळलं, नळीत घातलं, आणि स्वतःचा डबा दोडक्याच्या भाजीचा. पोरांनी लग्न ठरवलं तेव्हा माझी बायको म्हणाली होती, चला, आपलं मटण बघून पळून न जाणारा व्याही मिळाला.

ती गेली आणि मुलानं मला इथं आणलं, सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडजवळच्या फ्लॅटवर. दिवसभर खिडकीत बसायचं आणि कुठल्या बसचा गिअर कुरकुरतोय ते ऐकायचं. जेवण मी सोडलं नाही, ते सुटलं. भात चिवडून उठायचो. मटण तर करूच नका म्हणून सांगून टाकलं होतं. तिच्या हातचं खाल्लं, तेवढं बास. पॅन्ट पट्ट्यानंसुद्धा राहीना, जिना चढताना मधे थांबायला लागायचं. डॉक्टर म्हणाला, पोटात काही सकस गेलं नाही तर म्हातारा अंथरुणाला लागेल. सुनेनं हे वडिलांच्या कानावर घातलं, आणि माझी सुटका संपली.

दुसऱ्या दिवसापासून व्याही स्टीलचा डबा घेऊन दारात. ऐन थंडीत, धुक्यात, कानटोपी घालून. मटण स्वतः जाऊन आणायचे. नाकाला रुमाल लावून खाटकाला विचारायचे, बकरा कधी कापला, मांस किती वेळ टांगलं, मांडीचं आहे का खांद्याचं. खाटीक एकदा वैतागून म्हणाला, "बाऊजी, खाना है कि पेपर देना है?" घरी शिजवतानाही भांड्यात थर्मामीटर. उकळी कुठं आली ते दिसत असताना काच घालून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डबा उघडला की व्याख्यान सुरू. प्रथिन म्हणजे लांब माळ. पोटात ती तुटते, तिचे बारके तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणायचं. त्यातले काही रक्तदाब वाढवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, काही शरीराला गंज धरू देत नाहीत. गंज हा शब्द खास माझ्यासाठी, वर्कशॉपवाला म्हणून. मी विचारलं, मग ब्लडप्रेशरची गोळी सोडू का? त्यावर असे दचकले की टोपी सरकली. गोळी अजिबात सोडायची नाही, हे सगळं नळीत आणि उंदरांत दिसलंय, माणसांत अजून नीट सिद्ध व्हायचंय, असं त्यांनी खरं खरं सांगितलं.

"मग पाव्हणं, मी उंदीर का?"

"नाही. उंदीर निमूट खातो."

मी डबा झाकायचा, त्यांनी उघडायचा, असं कैक दिवस चाललं. मी खाल्लं नाही, त्यांनी आणायचं सोडलं नाही. मग एका रविवारी ते समोर बसून म्हणाले, व्याहीबुवा, खायला सांगत नाही. पण मी चाखत नाही, यात काय चुकतंय ते मला सांगणार कोण? त्यांचं तोंड बंद करायला म्हणून मी एक चमचा घेतला.

"मीठ नाही. आलं नाही. कांदा भाजला नाही, खोबरं नाही. हे मटण नव्हे, मटण धुतलेलं पाणी आहे."

मीठ त्यांनी माझ्या ब्लडप्रेशरला भिऊन घातलंच नव्हतं. त्यांनीच डबा झाकला. मग म्हणाले, "विहीणबाई कशा करायच्या?"

ती गेल्यापासून लोकांनी मला खूप विचारलं. कशानं गेली, कुठल्या दवाखान्यात होती. ती रस्सा कसा करायची, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो आणि तोंडानं सांगता येईना, म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. कांदा थेट जाळावर काळा केला. व्याही मफलर नाकावर ओढून, शिंकत, थर्मामीटर हातात धरून शेजारी उभे. एवढं जाळलं तर, असं काहीतरी सुरू करणार, तर म्हटलं, गप बसा पाव्हणं. गप बसले. मी मिठाला हात घातला तेवढं मनगट धरलं. "बेतानं. पेप्टाइडनं कमावलेलं मिठानं घालवू नका."

त्या दिवशी मी भाकरी कुस्करून ताटलीभर जेवलो. सून दारात उभी राहून बघत होती. हात धुताना मी म्हणालो, तिच्यासारखा नाही झाला.

"एका प्रयोगात कुठं होतंय," व्याही म्हणाले. "रविवारी परत लावू."

तेव्हापासून दर रविवारी लावतो. आता जिना न थांबता चढतो. ते पेप्टाइडनं, भाकरीनं का व्याह्यांच्या कटकटीनं, ते त्यांनाही सांगता येत नाही. रस्सा अजून तिच्यासारखा होत नाही. कमी पडतंय ते मीठ नव्हे, हे मला माहीत आहे, आणि समोर बसून ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात त्या अर्थी त्यांनाही माहीत असावं. खाटकाला मांडीचं ठेवायला सांगितलंय. या रविवारी खोबरं जरा जास्त भाजून बघणार आहे.