जावेची हार्ड डिस्क

मंडळी, आज सकाळी लॅपटॉप गेला. त्यात माझ्या वारलेल्या वडिलांचे, आबांचे, व्हिडिओ होते. लोणंदचा दुरुस्तीवाला म्हणाला, "यातलं काही परत मिळणार नाही."

दिवाळीत माझ्या धाकट्या जावेनं, सुनीतानं, बॅकअपसाठी हार्ड डिस्क घेतली तेव्हा मी हसले होते. आज तिचं सगळं शाबूत बघून माझ्या पोटात दुखलं.

ती म्हणाली, "आवं ताई, आबांचे व्हिडिओ मी तवाच तुमच्या लॅपटॉपवरनं घेतल्यात."

आबांचा आवाज ऐकून मी ढसाढसा रडले. पण तो तिनं जपला, मी नाही, हे सलतंयच.

दुपारी मीही डिस्क आणली. दुकानदार म्हणाला, एक टीबी बास हाय. मी दोन टीबीची घेतली, कारण सुनीताची एकची आहे.

तुमचं होतं का असं?