झिरेकराचा पिवळा टॅग

किस्से आमच्या खात्यातल्या रिजेक्शनच्या पेटीसारखे साठतात. रोज एखादा तुकडा पडतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एके दिवशी पेटीचं झाकणच बसेनासं होतं. माझं झाकण बसेनासं होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा थोडे बाहेर काढतो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शन खात्यात होतो. टीव्ही नुकते रंगीत व्हायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचे साहेब गायधनी. त्यांचा अमेरिकेतला भाचा सुट्टीला आला आणि परत जाताना सामानाचं वजन जास्त झालं म्हणून एक पुठ्ठ्याची पेटी मामाकडे टाकून गेला. पेटीत एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने पंच व्हायचं आणि 'तुमच्यासमोर गुहा आहे' असं सांगायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं.

पात्र कुठल्या जमातीचं ते आधी निवडावं लागे. पुस्तकात बुटके होते, लांब कानांचे होते. रविवारी साहेबांच्या घरी खेळायचो; दोन रविवारांत आम्हाला त्यांचा कंटाळा आला. आपल्या जमाती आपणच बनवू, असं ठरलं.

आता इन्स्पेक्शनची माणसं नवीन वस्तू तपासल्याशिवाय आत घेतील का? साहेबांनी नियम केला. नव्या जमातीने एक रविवार ट्रायल द्यायची. मग कारखान्यात मालाला लावतो तसा टॅग. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, खेळता खेळता दुरुस्त करा; लाल म्हणजे भंगार. टॅगवर कारणाचा रकाना, खाली सही. आम्ही कुणीही हसलो नाही, हे आज आठवलं की हसू येतं.

* * *

पहिली जमात मी आणली. वेताळ.

टूलरूमचा सोनवणे आमच्यात होता. बौद्ध घरातला, वाचणारा माणूस, भुताखेतांना त्याच्या घरात थारा नव्हता. तो म्हणाला, जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती तपासायची कशी?

साहेबांनी विचारलं, मग ते लांब कानवाले अस्तित्वात आहेत का?

"परदेशातलं मला माहीत नाही, साहेब. इथलं माहीत आहे."

लाल टॅग. कारण : नमुना उपलब्ध नाही.

* * *

मग मी हट्टाने दहा तोंडांची जमात आणली. प्रत्येक तोंडाला वेगळं डोकं, वेगळं मत. सगळं कागदावर नीट लिहून नेलं होतं.

ट्रायलमध्ये गुहेचे दोन रस्ते आले. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे दहा तोंडांनी ठरवायचं होतं. सहा तोंडं डावीकडे झाली, मग त्यातल्या दोघांनी मत बदललं, एक रुसलं. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, पोहे आणून ठेवले. पोहे गार झाले. जेवायची वेळ झाली तरी मी गुहेच्या तोंडाशीच होतो.

लाल टॅग. कारण : सायकल टाइम परवडत नाही.

वहिनींनी तेवढ्यात भर घातली, की आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा लवकर आटपलं.

* * *

सोनवणेने पंखवाले आणले. साहेबांनी महिनाभर पुरेल अशी मोहीम लिहिली होती, त्यात खंदक, साप, काटेरी भिंत, सगळं. सोनवणे उडाला, सगळ्याच्या वरून गेला आणि खजिना घेऊन चहा निवायच्या आत परत आला.

साहेबांनी फासे गोळा केले. पिवळा टॅग दिला. पण त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक गुहेची उंची साडेतीन फूट झाली. सोनवणेचा पंखवाला पुढे वर्षभर रांगत फिरला.

* * *

एका रविवारी वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, मलाही एक जमात सुचली आहे. पाहुणे.

या जमातीला शस्त्र नाही, ताकद नाही. फक्त एक गुण. पाणी विचारल्याशिवाय त्यांच्यावर कुणालाही हात उचलता येत नाही, आणि पाणी दिलं की चहा टाकावाच लागतो.

साहेबांनी दारात तीन डोळ्यांचा राक्षस उभा केला. वहिनींनी चपला काढल्या. राक्षसाने पाणी आणलं. वहिनींनी त्याच्या आईची चौकशी केली, घर छान ठेवलंय म्हणाल्या आणि पुढच्या दालनात गेल्या. असे पाच राक्षस झाले. खजिना त्यांनी मागितलाच नाही. शेवटच्या राक्षसाने तो डब्यात भरून हातात दिला. मग 'निघते आता' म्हणून त्या उठल्या आणि दारात उभ्या राहून राक्षसिणीशी इतका वेळ बोलल्या की साहेबांना खेळ थांबवावा लागला.

हिरवा टॅग. पहिल्याच फटक्यात! साहेबांनी असं कारखान्यातही कुणाला कधी दिलं नव्हतं. मी म्हणालो, घरचा माल दिसतोय.

"माल पाहून दिलाय," साहेब म्हणाले आणि सही केली.

* * *

आता भोये. स्टोअर्समध्ये क्लार्क, पेठच्या बाजूचा, डोंगरातल्या जुन्या घरातला. सातपूरला खोली घेऊन राहायचा, पण रविवारी पहाटेच्या एसटीने गावी जायचा. भाताचं, नागलीचं काम असायचं. आम्हाला चौथा गडी हवा होता म्हणून साहेबांनी त्याला गळ घातली. त्याने पहिल्याच दिवशी अट सांगितली.

"एक जमात माझ्या डोक्यात हाय. ती पास करून घेतो, मग मला रविवार मोकळा द्या. गावाकडं लय काम ऱ्हातं."

साहेबांनी मान डोलावली.

त्याची जमात म्हणजे झिरेकर. नदीच्या वाळूत, कातळाच्या फटीत जिथे पाणी झिरपतं तिथे राहणारी गुडघ्याएवढी माणसं. त्यांना जमिनीखालचं पाणी ऐकू येतं, पण पाण्यापासून तासाभरापेक्षा लांब गेली तर वाळून जातात. भोयेने ती एसटीत बसून, वहीच्या पानांवर, खूप जीव लावून रचली होती. खरं सांगतो, आम्हा सगळ्यांच्या जमातींपेक्षा चांगली होती.

पिवळा टॅग. कारण : एक तास म्हणजे किती? टॉलरन्स लिहावा. रिवर्क करून पुन्हा आणावे.

भोयेने टॉलरन्स, म्हणजे किती मिनिटं इकडेतिकडे चालतील ते, लिहिलं. पुन्हा पिवळा. कारण : पाणी गढूळ असल्यास काय? त्याने तेही लिहिलं. एक रविवार गावी, एक रविवार आमच्याकडे, असं करत त्याने दोन वर्षं झिरेकर दुरुस्त केला. पुढे पुढे तर साहेब कारणाचा रकाना कोराच ठेवायला लागले. नुसतं 'रिवर्क करून पुन्हा आणावे' आणि सही. भोये चिडायचा. ते सगळे टॅग त्याने तारेत ओवून ठेवले होते. मला एकदा म्हणाला, माझ्यात काय खोट हाय ते तरी सांगावं माणसानं. त्याचं ते बोलणं मला लागलं, पण साहेबांना विचारायची माझी छाती झाली नाही.

* * *

टॅग कारखान्याचेच असायचे, त्याचा एकदा व्हायचा तो घोटाळा झाला. सोमवारी साहेबांच्या खिशात द्यायचा राहिलेला झिरेकराचा टॅग शाफ्टच्या एका लॉटला लागून गेला. त्यावर कारणात लिहिलेलं : पाण्यापासून लांब नेऊ नये.

दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने इन्स्पेक्शनची सूचना डोळे मिटून पाळली. सबंध लॉट ट्रॉलीवर चढवून पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवला. आणि सकाळी साहेबांना गंभीर चेहऱ्याने विचारलं, की टॅगच्या मागे 'घाबरल्यास गाणे म्हणतो' असं लिहिलंय, तर ते आपण ऐकायचं की कस्टमरने?

शाफ्टना तेल लावलेलं होतं म्हणून गंज चढला नाही. त्यानंतर घरचे टॅग साहेब रंगीत पतंगाच्या कागदाचे कापायला लागले.

* * *

मग साहेब रिटायर झाले. हार, नारळ, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी खात्यात नवे साहेब बसले, आणि रविवारी जायचं की नाही, हे आम्ही एकमेकांना विचारलंही नाही. साहेब होते म्हणून जात होतो की खेळ होता म्हणून, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. शेवटी मी आणि सोनवणे गेलो. भोये आला, पण तारेत ओवलेले टॅग घेऊन. एकदाचा निकाल लावून घेतो म्हणाला.

साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कधीचे बसले होते. आम्हाला बघून घाईघाईने उठले आणि स्वतःच पाणी आणायला आत गेले. हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

वहिनी तेवढ्यात कपाटाकडे गेल्या आणि एक कागद भोयेच्या हातात ठेवला. हिरवा टॅग. झिरेकर, पास, सही. शाई फिकी झालेली.

"दोन दिवाळ्या झाल्या लिहून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी रोज म्हणते, देऊन टाका. तर म्हणतात, दिला की तो यायचा थांबेल."

भोयेने तो कागद एकदा वाचला. मग घडी करून खिशात घातला.

साहेब पाणी घेऊन आले. आज पंच तू हो, असं भोयेला म्हणाले. इतकी वर्षं दुसऱ्यांचं तपासलं, आता मलाही एक पात्र घ्यायचं आहे. जमात? साहेब जरा लाजले. माणूस, म्हणाले.

"नवीन हाय," भोये म्हणाला. "ट्रायल द्यावी लागंल."

साहेबांनी ट्रायल दिली. त्यांचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. सोनवणेच्या पंखवाल्याने त्याला वर काढलं, तर तो दुसऱ्यात पडला. हातातला कंदील त्याने एका रडणाऱ्या राक्षसाच्या पिल्लाला देऊन टाकला आणि मग अंधारात आम्हा सगळ्यांना नावाने हाका मारत बसला. एवढंच झालं सकाळभर.

भोयेने पतंगाचा पिवळा कागद घेतला आणि सावकाश लिहिलं : रिवर्क करून पुढच्या रविवारी पुन्हा आणावे. खाली सही केली.

साहेबांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मागची बाजूही पाहिली.

"कारणाचा रकाना कोरा आहे," ते म्हणाले.

"तुमचाबी कोराच असायचा, साहेब."