बेरिलची बारीक सिगारेट

आमच्या आणि हॉलिवेलांच्या परसामध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे त्यांच्या स्वयंपाकघराची दगडी पायरी. संध्याकाळचं जेवण उरकलं की ॲलेक आणि बेरिल तिथे येऊन बसायची. पाऊस असला तर दारात थोडं मागे सरकून. इंग्लंडातल्या आमच्या या बर्नलीत पाऊस असतोच, त्यामुळे बहुतेक वेळा मागे सरकूनच. घरात सिगारेट ओढायची नाही हा बेरिलचा कायदा होता, भिंतीवरच्या नव्या कागदाला वास लागतो म्हणून.

ॲलेक मांडीवर तंबाखूची डबी उघडायचा आणि दोन सिगारेटी वळायचा. पहिली बेरिलची. ती बारीक आणि सैल, कारण घट्ट वळलेली तिला ओढवत नसे. ती पेटवून तिच्या हातात दिली की मगच स्वतःची घ्यायचा. या माणसाचा जन्म बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, बोटं कायमची काळी, पण ती बारीक सिगारेट वळताना जीभ दातांत धरून बसायचा. मी कपडे वाळत घालता घालता हे बघायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? माझा डग्लस वाईट नव्हता, पण उभ्या संसारात त्याने मला चहाचा एक कप स्वतः करून दिला नाही. आणि भिंतीपलीकडे हे रोजचं कौतुक.

मागच्या हिवाळ्यात बेरिल आमची चढाची गल्ली चढताना दर दिव्याच्या खांबाला थांबायला लागली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, एकदम सोडणं तुला जमायचं नाही. आधी तंबाखू सोड आणि त्याच्या जागी व्हेप घे, ती विजेवरची वाफेची सिगारेट. धूर गेला की छातीला आराम पडेल. निकोटीन तेवढं राहील, तेही मग हळूहळू उतरव. व्हेपमध्ये भरायच्या बाटलीवर त्याचा आकडा असतो. अठरापासून सुरुवात, मग बारा, मग सहा, तीन आणि शेवटी शून्य.

बाजाराच्या इमारतीत चीजवाल्यासमोर गॅव्हिनचं व्हेपचं दुकान आहे. तिथून बेरिलने एक निळं यंत्र आणलं आणि रुबार्ब-कस्टर्डची बाटली. आम्ही शाळेत असताना कोपऱ्यावरच्या दुकानात त्या नावाच्या आंबटगोड गोळ्या मिळायच्या, अगदी तोच वास. पहिल्या संध्याकाळी ती पायरीवर बसून वाफ सोडायला लागली तेव्हा मलासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

ॲलेकने सवयीने दोन सिगारेटी वळल्या होत्या. बारीक सिगारेट हातात धरून तो तसाच बसला.

"गॅव्हिन म्हणाला, छातीत खोल ओढायचं नाही," बेरिल म्हणाली. "चहाच्या घोटासारखं आधी तोंडात धरायचं."

"गॅव्हिन म्हणाला," ॲलेक तोंड वाकडं करून म्हणाला. "चाळीस वर्षं ओढतेयस, ते तुला कुणी शिकवलं? मी. बस स्टँडच्या मागे."

"म्हणून तर दम लागतो."

ॲलेकने आपली सिगारेट संपवली आणि मग ती बारीकही ओढून टाकली, उष्टं टाकवत नाही तसं तोंड करून. पुढे रोज तेच. ती एक एक आकडा उतरत होती आणि हा तिच्या वाटचीही ओढत होता.

एका सकाळी तो भिंतीशी आला.

"शीला, तू त्या दुकानात गेली होतीस ना तिच्याबरोबर? कसा आहे दिसायला?"

"कोण?"

"कोण काय. तोच."

"दाढी आहे," मी म्हटलं.

"कसली दाढी?"

"छान कातरलेली. तेल लावतो तिला."

"तेल लावतो." त्याने डबीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "पुरुषाने दाढीला तेल लावायचं म्हणजे काय?"

मी आणखी थोडं मीठ चोळलं. म्हटलं, दंडावर मासे गोंदवलेत, चांगले रंगीत. मला मजा वाटत होती. दुसऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबताना बघायला कुणाला आवडत नाही?

त्या आठवड्यात तो बेरिलच्या मागोमाग बाजारात गेला आणि चीजवाल्याच्या मांडणीआड उभा राहिला. गॅव्हिनने बेरिलचं बोट धरून यंत्राच्या बटणावर ठेवलं आणि म्हणाला, "असं दाब, लव्ह." आता आमच्याकडे बसचा ड्रायव्हरही बायकांना लव्ह म्हणतो. ॲलेक स्वतः पोस्टातल्या बाईला म्हणतो. पण गॅव्हिनच्या तोंडून ऐकलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चीजवाला समोरून हटेना, म्हणून नको असलेलं अर्धा किलो चीज घेऊन तो घरी आला, आणि ते खाताना आठवडाभर त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

बेरिल बारावर आली, सहावर आली. खांबांशी थांबणं कमी झालं. वसंतात ती गल्ली न थांबता चढून आली आणि माझ्या दारात उभी राहून नुसती हसली. तेव्हा ती तीनवर होती. मला वाटलं ॲलेकला आनंद होईल. तो भिंतीशी आला तर चेहरा कुणी गेल्यासारखा.

"तीनवर आलीय. पुढे शून्य."

"चांगलंच आहे की."

"काय चांगलं? शून्यावर आली की ते यंत्र खणात टाकणार. मग पायरीवर कशाला येईल? ती आत टीव्हीसमोर आणि मी इथे कचऱ्याच्या डब्याशेजारी." त्याने नाक ओढलं. "आम्ही जन्मात जे काही बोललो ते या पायरीवर बोललो, शीला. मुलाचं नाव नायजेल, ते इथे ठरलं. माझी आई गेली ते तिने मला इथे सांगितलं. आत आम्ही बोलतच नाही. आत टीव्ही बोलतो."

माझ्या घरात तर कोणत्याच पायरीवर कुणी काही बोललं नव्हतं.

पुढे त्याने जे केलं ते त्याच्याच डोक्यातून निघू शकतं. तो गॅव्हिनच्या दुकानात गेला आणि रुबार्ब-कस्टर्डमधली अठराची बाटली घेऊन आला. बेरिलची तीनची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची. ती त्याने मोरीत ओतली आणि तिच्यात अठराचं भरून ठेवलं. हिशेब सोपा होता. बाई पुन्हा अठरावर अडकली की शून्य लांब पळेल आणि पायरी शाबूत राहील. पण तीनची सवय झालेल्याने अठराचा झुरका घेतला की घसा धरतो आणि डोकं गरगरतं, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. ते गॅव्हिनने सांगितलं असतं, पण गॅव्हिनला विचारणार कोण?

त्या संध्याकाळी बेरिलला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. ॲलेक तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. "सावकाश, सावकाश," म्हणत होता. साळसूदपणात त्याचा हात कुणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी बेरिल मला घेऊन दुकानात गेली. "हे तीन नाही," तिने बाटली पुढे केली.

गॅव्हिनने झाकण उघडून बघितलं आणि जरा संकोचला. "काल एक गृहस्थ हीच अठरामधली घेऊन गेले. कॉलर वर, टोपी डोळ्यांवर, अंगाला तंबाखूचा वास. मी विचारलं, यंत्र कोणतं आहे तुमचं? तर म्हणाले, निळं."

पायरी सुटेल म्हणून ॲलेक भिंतीशी काय काय बोलला होता, ते मी तिला सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही घरी जाऊन त्याची सालटी काढणार. तर बेरिल बाजारातल्या बाकावर बसली आणि पोट धरून हसत सुटली.

"शीला, माझ्यासाठी कुणी इतका उपद्व्याप करेल असं मला वाटलं नव्हतं गं."

मीही हसले. पण घरी आल्यावर मी भांडी जरा जास्तच जोरात घासली. माझ्या वाट्याला असा एक तरी मूर्खपणा यायला हवा होता.

बेरिलने त्याला काही कळू दिलं नाही. स्वतःची खरी बाटली तिने कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत ठेवली. तिथे ॲलेकचा हात जन्मात गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. खिडकीतल्या बाटलीतलं ती रोज थोडं थोडं परसातल्या गटारात ओतायची आणि ॲलेक ती मागल्या मागे भरून ठेवायचा. आमच्या गल्लीत गॅव्हिनचं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक म्हणजे ॲलेक हॉलिवेल झाला. वर बेरिल त्याला अधूनमधून डिवचायची.

"गॅव्हिनला माझं हे कार्डिगन फार आवडलं."

"तेलाच्या वासाने डोळे गेले असतील त्याचे," ॲलेक म्हणायचा आणि आणखी एक सिगारेट वळायचा.

ईस्टरला ती शून्यावर आली. ॲलेकला वाटत होतं, ती अठरा ओढतेय. ती झुरका घेताना तो तिरप्या डोळ्याने बघायचा आणि समाधानाने डबीवर बोटं वाजवायचा. सगळा उन्हाळा असा गेला. ती रोज पायरीवर यायची, नुसती गोड वाफ सोडायची आणि हा आपण डाव जिंकला म्हणून खूश.

सप्टेंबरातली गोष्ट. हवेत गारठा होता आणि मी दोरीवरचे कपडे चाचपत होते. पलीकडे बेरिल म्हणाली, "गॅव्हिन म्हणतो, माझ्याइतकं शिस्तीत शून्यावर कुणी उतरलं नाही."

कार्डिगन सहन केलेल्या ॲलेकला हे सहन झालं नाही.

"कसलं शून्य?" तो म्हणाला. "अठरा ओढतेयस तू. ती बाटली मी भरतोय, मी. जा, सांग तुझ्या गॅव्हिनला."

बेरिलने खिशातून निळं यंत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "ओढ."

त्याने ओढलं. छातीपर्यंत ओढलं. मग यंत्र उलटंसुलटं करून बघितलं.

"यात काहीच नाही."

"ईस्टरपासून नाही."

"मग मी भरलेलं?"

"गटारात. तिथले किडे आता गोड गातात."

"म्हणजे त्या दाढीवाल्यालाही ठाऊक होतं."

"त्या दाढीवाल्याला मी शाळेच्या खाणावळीत वाढलंय, ॲलेक. आपल्या नायजेलच्या वर्गात होता. वाटाणे खायचा नाही, खिशात लपवायचा."

मी हातातला टॉवेल घट्ट धरून उभी होते. भिंतीवरून दिसू नये म्हणून थोडी वाकलेही.

"मग ईस्टरपासून तू इथे कशाला बसतेस?" ॲलेकने विचारलं.

"कशाला बसते," बेरिल म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "या दगडावर, या गारठ्यात, हे दुखरं कंबरडं घेऊन मी कशाला बसत असेन? सहा महिने बाटल्या भरत होतास, एकदा तरी हे विचारायचंस. तुला वाटलं, मी निकोटीनसाठी येते तुझ्याशेजारी?" ती भिंतीला धरून उठली. "आता कळलंय ना, मग बस. मी आत उबेला जाते."

दार लागलं. ज्या शून्याला तो सहा महिने भीत होता, ते त्याने स्वतःच्या तोंडाने घरी आणलं होतं.

आठवडाभर पायरीवर ॲलेक एकटाच होता. खिडकीत टीव्हीचा उजेड हलायचा. तो दोन सिगारेटी वळायचा आणि स्वतःची ओढून आत जायचा. बारीक सिगारेट दगडावर पडून असायची. रात्रीच्या पावसात ती भिजून फुटायची आणि सकाळी बेरिल ती झाडूने काढायची. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. आता दोन्ही परसांत सारखंच होतं.

शनिवारी ॲलेक बाजारातून कागदी पिशवी घेऊन आला. जेवणानंतर पायरीवर बसला, पण डबी काढली नाही. पिशवीतून एक निळं यंत्र काढलं, दोन बाटल्या काढल्या आणि दाराकडे न बघता म्हणाला, "तुझं आण जरा."

बेरिल दारात आली. तिने खिशातलं यंत्र दिलं. शून्याची बाटली उघडून त्याने आधी तिचं भरलं, जीभ दातांत धरून, एक थेंब बाहेर न सांडता. तोटी अंगठ्याने पुसली आणि तिच्या हातात दिलं. मगच स्वतःचं भरलं. पहिल्या झुरक्याला त्याला ठसका लागला.

"कितीचं घेतलंस?" बेरिलने विचारलं.

"अठराचं."

"शून्यावर यायला वर्ष जाईल."

"गॅव्हिन म्हणाला, घाई करायची नाही."

"गॅव्हिन बरोबर म्हणाला," बेरिल म्हणाली. मग कंबर सांभाळत ती त्याच्याशेजारी बसली. "सावकाश उतर. मला कुठे जायचंय?"

माझे कपडे अजून ओले होते. तरी मी ते दोरीवरून ओढून टोपलीत भरले, आत गेले आणि माझा मीच चहा करून घेतला.