माकडाला दिलेलं श्रेय

आमच्या शेजारची मुलगी फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत बालाघाटला आली की माणसाच्या तोंडाआधी ती त्याची चाल बघते. कॉलेजात दाखवायच्या केससाठी तिनं माझा आखडलेला खांदा निवडला. रोज मी बोटांनी भिंत चढायची आणि हात पोचेल तिथं तिनं पेन्सिलची खूण करायची.

"चलो आजोबा, अजून एक बोट!"

आठ दिवसांत खांदा मोकळा झाला. पण बायको पंखे पुसायला लावेल म्हणून मी रोज जुन्याच खुणेपाशी कण्हायचो. पोरगी बिचारी स्वतःलाच दोष देऊ लागली. मग एका सकाळी आमच्या पेरूवर माकड आलं आणि मी दोन्ही हात उंच करून ओरडलो. ती फाटकातच उभी होती.

तिनं केसमध्ये लिहिलं, 'माकडाच्या भीतीनं रुग्णाचा हात वर गेला.' सगळा वर्ग हसला म्हणे.

काल ती पुन्हा सुट्टीत आली, तेव्हा मी तिच्यापाशी कबूल केलं.

"हौ आजोबा, मले तवाच समजलं होतं."

"मग माकड काहून लिहिलं?"

"मंग काय, माह्या पेशंटले खोटारडा लिहू?"

म्हणून इथं लिहून ठेवतो. मला तिनंच बरं केलं. माकडाचा काही संबंध नाही.